खाणीतून निवृत्त झालेल्या बाबांची पेन्शन थांबली, मेडिकल कार्डही नाही: आधी काय करायचे?

प्रश्न थोडक्यात असा. बाबा वणी भागातल्या भूमिगत कोळसा खाणीतून २००६ साली टिंबरमन (छताला लाकडी टेकू लावणारा कामगार) म्हणून निवृत्त झाले. पेन्शन महिना २,१६० रुपये. ती जानेवारीपासून खात्यात आलेली नाही. बाबा ऐंशीचे, आई बहात्तरची. बाबांना दम लागतो. कंपनीचे मेडिकल कार्ड कधी काढलेच नाही. पेन्शन परत कशी सुरू करायची, ती वाढेल का, आणि आयुष्मान कार्डावर दवाखान्याचे भागेल का?

आधी धीर देणारी गोष्ट. डिसेंबरपर्यंत नीट येणारी पेन्शन जानेवारीत अडकली, तर बहुतेक वेळा कारण हयातीचा दाखला असतो. तो पोचला की थकलेले महिने एकरकमी जमा होतात, पैसे बुडत नाहीत. म्हणून आधी कोळसा खाण भविष्य निधीच्या धनबादच्या मुख्यालयाला किंवा नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र लिहीत बसू नका. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत घेऊन बँकेच्या ज्या शाखेत पेन्शन जमा होते तिथे जा आणि एवढेच विचारा: या पीपीओ नंबरवर यंदाचा हयातीचा दाखला चढला आहे का?

बरेच जण म्हणतात, "आम्ही दाखला दिला होता, प्रमाण आयडीसुद्धा आला." प्रमाण आयडी हा 'जीवन प्रमाण' या ऑनलाइन हयातीच्या दाखल्याचा क्रमांक. तो आला म्हणजे आधारची ओळख पटली, इतकेच. पेन्शन देणाऱ्याने दाखला स्वीकारला की नाही, हे त्यानंतर ठरते. जीवन प्रमाणमध्ये भरताना चुका ठरलेल्या असतात: पीपीओ नंबरमधला एखादा आकडा किंवा तिरकी रेघ सुटते, मंजुरी देणारी संस्था म्हणून कोळसा खाण भविष्य निधी संघटनेऐवजी दुसरेच काही निवडले जाते, विधवा असताना 'फॅमिली'ऐवजी 'सर्व्हिस' पेन्शनवर टिचकी पडते. सेवा केंद्रातला मुलगा घाईत असतो, पावती छापून देतो आणि घरचे निर्धास्त होतात. दोन-तीन दिवसांनी त्याच प्रमाण आयडीने स्थिती तपासा. नाकारला असेल तर त्याच आठवड्यात नवा दाखला करा.

दुसरी अडचण बोटांची. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे पावडे, टिकाव आणि लाकडी टेकू हाताळले, त्यांच्या बोटांच्या टोकावरच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन दहाही बोटे नाकारते आणि म्हातारा माणूस उगाच ओशाळतो. अशा वेळी चेहऱ्यावरून दाखला करा. २०२१ पासून ही सोय आहे. मोबाईलमध्ये दोन ॲप लागतात, एक जीवन प्रमाणचे आणि दुसरे आधार फेस आरडी. आधी मोबाईल हाताळणाऱ्याची, म्हणजे तुमची ओळख पटवून घेतली जाते, मग बाबांची. उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको. चष्मा काढायचा आणि सांगितल्यावर पापणी लववायची. मोतीबिंदूमुळे पापणी नीट टिपली जात नाही, तेव्हा सकाळच्या उजेडात अंगणात बसवून पाहा, बहुतेक वेळा जमते. तेही नाही जमले तर पोस्टमन घरी येऊन सत्तर रुपयांत दाखला करून देतो. बाबा अंथरुणाला खिळलेले असतील तर शाखेला लेखी कळवून घरी पडताळणी मागा.

दाखला ठीक असूनही पैसे आलेले नसतील, तर खात्याचे केवायसी संपले आहे का आणि बँकेच्या विलीनीकरणात आयएफएससी कोड बदलला आहे का, हे बघा. पैसे परत गेले असतील तर शाखेकडून तसे लिहून घ्या. त्या एका ओळीच्या पत्राने नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयातले काम फार लवकर होते.

आता रकमेकडे. २,१६० हा आकडा कसा आला ते समजून घ्या, कारण चूक असेल तर ती इथेच सापडते. १९९८ च्या कोळसा खाण पेन्शन योजनेत पूर्ण पेन्शन म्हणजे शेवटच्या काळातल्या सरासरी वेतनाचे २५ टक्के, आणि तीही ३० वर्षांची पेन्शनपात्र सेवा भरली तर. मूळ योजनेत ही सरासरी शेवटच्या १० महिन्यांची. समजा सरासरी १०,८०० रुपये होती. तिचे २५ टक्के २,७००. सेवा २४ वर्षे मोजली असेल तर २,७०० गुणिले २४ भागिले ३०, म्हणजे बरोबर २,१६०. आता बाबांना विचारा, नोकरीला लागले कधी? १९७८ मध्ये लागून २००६ ला निवृत्त झाले असतील तर सेवा २८ वर्षांची होते आणि पेन्शन २,५२० व्हायला हवी. महिन्याला ३६० रुपयांचा फरक, वीस वर्षांचा हिशेब केला तर ८६ हजारांच्या वर.

मधली चार वर्षे कुठे जातात? बहुतेक वेळा एका कोलियरीतून (कोळसा खाणीतून) दुसऱ्या कोलियरीत बदली झाल्यावर. नव्या जागी नवा सीएमपीएफ (कोळसा खाण भविष्य निधी) नंबर पडतो आणि जुना खाते क्रमांक तसाच लोंबकळत राहतो. काही वेळा एखाद्या वर्षाचे व्हीव्ही स्टेटमेंट, म्हणजे कोणाच्या पगारातून किती वर्गणी कापली त्याची वार्षिक यादी, कोलियरीकडून वर गेलेलेच नसते. पगारातून पैसे कापलेले, पण खात्यावर वर्ष कोरे. खाण बंद झालेली असली तर कागद जवळच्या खाणीत किंवा कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयात हलवलेले असतात. घुग्घुस, राजूर, बल्लारपूरकडच्या जुन्या खाणींच्या बाबतीत तोच फेरा पडतो. गैरहजेरीमुळे वर्गणी न कापलेले महिने मात्र खरोखरच वजा होतात, त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

हे शोधायला माहितीचा अधिकार वापरा. अर्ज दोन ठिकाणी करा, प्रत्येकी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून. क्षेत्रीय कार्यालयाकडे फॉर्म बी रजिस्टरमधल्या, म्हणजे खाणीतल्या कामगारांच्या नोंदवहीतल्या बाबांच्या नोंदीची आणि सर्व्हिस शीटची साक्षांकित प्रत मागा. भविष्य निधीच्या प्रादेशिक कार्यालयाकडे पेन्शनच्या आकारणीचा तक्ता आणि वर्षवार वर्गणीचा उतारा मागा. "माझी पेन्शन कमी का?" असा प्रश्न अर्जात लिहू नका. त्याला "नियमानुसार" एवढेच उत्तर येते. कागद मागा, कागदच मिळतील. मुदत ३० दिवसांची. दोन्ही कागद हाती आले की तफावत दाखवणारा एक पानी अर्ज करा आणि उत्तर नाही आले तर केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर कोळसा मंत्रालयाकडे टाका.

फॉर्म बीची नोंद हाती आल्यावर ती घाईत बाजूला ठेवू नका. खाणीत लागताना हाजरी बाबूने कानाला ऐकू आले ते नाव लिहिलेले असते. 'सखाराम'चे 'सकराम', वडिलांच्या नावाच्या जागी आडनाव, गावाचे नाव हिंदी वळणाचे, जन्मतारखेच्या रकान्यात फक्त 'वय २२'. आधारवर दुसरेच. बाबा आहेत तोवर हे फारसे अडत नाही. अडते ते त्यांच्या माघारी, आईची पेन्शन लावताना. विधवेला ६० टक्के मिळतात, तुमच्या हिशेबात १,२९६ रुपये, आणि त्या १,२९६ साठी आईला सिद्ध करावे लागते की सकराम आणि सखाराम एकच, आणि ती त्यांचीच बायको. पीपीओवर आईचे नाव आहे का, जोडप्याचा फोटो आहे का, ते आजच पाहा. नसेल तर बाबांच्या सहीने (किंवा अंगठ्याने) दुरुस्तीचा अर्ज आत्ताच द्या. सोबत दोघांचा एकत्र फोटो, दोघांचे आधार, रेशनकार्डाची प्रत आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र. नोकरीत असताना भरलेल्या प्रवास सवलतीच्या फॉर्मची जुनी प्रत घरात सापडली तर ती सोन्यासारखी जपा. त्यात कुटुंबातल्या सगळ्यांची नावे असतात आणि ती कंपनीच्याच दप्तरातली असल्याने कोणी नाकारत नाही.

आणि एक कटू गोष्ट सांगून ठेवतो. पेन्शनधारक गेल्यावर बँकेला लगेच कळवा. एटीएमने पुढचे दोन-तीन महिने काढलेले पैसे आईच्या पेन्शनमधून वळते होतात, आणि तोवर तिचे प्रकरण रखडते.

२०२१ नंतर निवृत्त झालेल्यांसाठी एक वेगळी सूचना. अकरावा वेतन करार २० मे २०२३ ला झाला, पण तो १ जुलै २०२१ पासून लागू आहे. या मधल्या काळात निवृत्त झालेल्यांची सरासरी जुन्या पगारावर काढलेली असते. फरकाची रक्कम मिळाली म्हणून गप्प बसू नका. सुधारित वेतनावर पेन्शन पुन्हा आकारून सुधारित पीपीओ निघाला का, हे विचारा.

आता वाढीचा प्रश्न. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. २००६ ला ठरलेले २,१६० आजही २,१६० आहेत. निधीचा आढावा घेऊन पेन्शनचा फेरविचार करण्याची तरतूद १९९८ च्या योजनेत आहे, आणि तो फेरविचार व्हावा म्हणून कामगार संघटना वर्षानुवर्षे मागणी करत आहेत. किमान पेन्शन हजार रुपये केली गेली, पण हजाराच्या वर असलेल्या तुमच्या बाबांना त्याचा काही उपयोग नाही.

का वाढत नाही, याचे मूळ दोन आकड्यांत आहे. वर्गणी भरणारे कामगार सुमारे ३.३ लाख आणि पेन्शनधारक ६.३ लाख. एक कमावता, दोन खाणारे. राष्ट्रीयीकरणानंतर खाणी माणसांच्या हातांवर चालत होत्या. आता उघड्या खाणी, डंपर आणि ठेकेदाराची माणसे. कोळसा वाढत गेला, वर्गणीदार घटत गेले. २०१७ च्या ऑक्टोबरपासून वर्गणी कामगाराची ७ आणि कंपनीची ७ अशी १४ टक्के केली, त्याआधी ती पाच टक्क्यांच्या आत होती. त्याने निधी तगला, पण पेन्शन वाढवण्याइतकी ऊब त्यात नाही. त्यात डीएचएफएल या बुडालेल्या गृहकर्ज कंपनीच्या रोख्यांत भविष्य निधीचे पैसे अडकले, तेव्हा कामगाराच्या घामाचा पैसा कुठे गुंतवला जातो यावर कामगारांच्या प्रतिनिधींची नजर किती तोकडी आहे, हेही दिसले.

यातून वाट एकच दिसते: पेन्शनचा पैसा माणसांच्या संख्येवरून काढून टनावर न्यायचा. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९४६ च्या करारात टनामागे ५ सेंट कामगार कल्याण आणि निवृत्ती निधीला द्यायचे ठरले. पुढे कंपन्या दिवाळ्यात निघाल्या आणि निधी आटला, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या काँग्रेसने कायदा करून सरकारी तिजोरीतून ठरावीक मर्यादेपर्यंत दरवर्षी भर घालण्याची सोय केली. आपल्याकडे कोल इंडियाने टनामागे १० रुपये पेन्शन निधीला देण्याचे मान्य केले, ते त्याच वाटेवरचे पाऊल.

१० रुपयांची ताकद किती, ते कागदावर मांडून पाहा. कोल इंडियाचे वर्षाचे उत्पादन ७८ कोटी टनांच्या आसपास. टनामागे १० रुपये म्हणजे ७८० कोटी. ६.३ लाख पेन्शनधारकांत वाटले तर माणशी वर्षाला बारा हजार तीनशे ऐंशी, महिन्याला हजाराच्या थोडे वर. म्हणजे टनामागचा प्रत्येक दहाचा आकडा साधारण हजार रुपये पेन्शनचा असतो. पहिले दहा रुपये तूट भरण्यातच जातात, हे खरे. पण त्याच कोळशावर २०१६ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत टनामागे ४०० रुपये उपकर घेतला जात होता. आधी पर्यावरणाच्या नावाने, नंतर राज्यांच्या जीएसटी भरपाईसाठी. चारशेतले वीस-तीस रुपये जरी तो कोळसा उपसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे वळवले असते, तर आज आपण दोन हजारांच्या पेन्शनवर बोलत नसतो. निवेदन देणाऱ्यांनी "पेन्शन वाढवा" इतकेच लिहू नये. टनामागे किती रुपये, ते कुणाकडून, आणि त्यावर महागाईशी जोडलेली वाढ किती, असे आकडे मांडावेत. खासगी खाणपट्टे वाढत आहेत, तेव्हा हा टनाचा भार त्यांच्यावरही सारखाच पडायला हवा. नाहीतर सरकारी कंपनीचा कोळसा महाग आणि जबाबदारी टाळणाऱ्याचा स्वस्त, असे होईल. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली, पण १९४८ चा कोळसा खाण भविष्य निधीचा कायदा तिच्यात विलीन झालेल्या नऊ कायद्यांत नाही. तो स्वतंत्र उभा आहे, म्हणजे सुधारणा याच कायद्यात आणि याच योजनेत मागावी लागेल.

दवाखान्याच्या बाबतीत तीन कार्डे लोक एकमेकांत मिसळतात. कंपनीची निवृत्तीनंतरची वैद्यकीय योजना (बिगर अधिकाऱ्यांसाठी) ४० हजार रुपये एकदा भरून मिळते. पती-पत्नी दोघांना मिळून ८ लाख, आणि हे ८ लाख आयुष्यभराचे आहेत, वर्षाचे नाहीत. हृदय, कर्करोग, मूत्रपिंड, पक्षाघात अशा गंभीर आजारांना ही मर्यादा नाही, आणि योजनेचे खरे मोल तिथेच आहे. जुन्या निवृत्तांना नोंदणीसाठी वेळोवेळी मुदती दिल्या गेल्या. आत्ता मुदत चालू आहे का, हे क्षेत्राच्या कार्मिक कार्यालयाला लेखी विचारा, एनईआयएस नंबर (कंपनीतला कर्मचारी क्रमांक) लिहून. तोंडी "बंद झाले" ऐकून परत येऊ नका.

राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आता कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डावर चालते, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. तिसरे आयुष्मान वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता मिळते, वर्षाला ५ लाख. तुमचे आई-बाबा दोघेही बसतात, मात्र ५ लाख दोघांत मिळून. आयुष्मान ॲपवर आधार केवायसी केले की झाले. इथे वय फक्त आधारवरचे धरतात. शेजारच्या कोणाच्या आधारवर वय कमी लागले असेल आणि जन्मतारीख बदलायचा मोह होत असेल, तर थांबा. ती तारीख एकदाच बदलता येते आणि ती फॉर्म बीशी जुळली नाही तर पेन्शनच्या कागदात नवीन गाठ पडते. आधी फॉर्म बी बघा, मग आधारला हात लावा. केंद्राच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना दोहोंपैकी एक निवडावी लागते, म्हणून नोंदणीतल्या त्या प्रश्नाला खरे उत्तर द्या.

तिन्ही असतील तर क्रम लावा. मोतीबिंदू, हर्निया, खुब्याचे हाड अशा ठरावीक पॅकेजच्या कामांना वर्षाचे कार्ड आधी, कारण ते दरवर्षी नव्याने भरते. कंपनीचे ८ लाख राखून ठेवा. भरती होताना योजनेच्या कक्षातल्या आरोग्यमित्राकडे नोंद आधी करा. आधी स्वतःच्या पैशाने भरती होऊन नंतर कार्ड दाखवले तर परतावा मिळवणे फार कठीण जाते. आयुष्मानवर पैसे मागितले तर १४५५५ वर तिथूनच फोन लावा.

पण तुमच्या बाबांचा खर्च भरतीचा नाही. तो महिन्याचा आहे: इन्हेलर, तपासण्या, पुढे कदाचित घरी ऑक्सिजन. आयुष्मान आणि फुले या दोन्ही योजना भरती झालेल्या रुग्णाच्या. आयुष्मानमध्ये भरतीआधीचे ३ आणि सुटीनंतरचे १५ दिवस सोडले तर बाहेरच्या औषधांना एक पैसा मिळत नाही. खाण कामगाराच्या दृष्टीने या विम्याचे सगळ्यात मोठे भोक हेच आहे. दमेकरी माणूस वर्षातून एकदा दवाखान्यात पडतो, पण औषध ३६५ दिवस घेतो. औषध परवडत नाही म्हणून सोडतो आणि मग पडतो. बाह्यरुग्ण औषधांचा वार्षिक कोटा, निदान धुळीच्या आजारांपुरता, या योजनेत यायलाच हवा. तोवर जनऔषधी केंद्रातून इन्हेलर घ्या, फरक पुष्कळ पडतो.

शेवटचे आणि सगळ्यात दुर्लक्षित. बाबांच्या दम्याला 'वयाचा दमा' म्हणून सोडू नका. छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजण्याची तपासणी) करून घ्या, आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की खाणीत इतकी वर्षे जमिनीखाली काम केले आहे. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीची तपासणीही करा, कारण दगडाच्या धुळीने क्षयरोगाचा धोका वाढतो. कोळशाच्या धुळीचा न्यूमोकोनिओसिस आणि दगडाच्या धुळीचा सिलिकोसिस हे फुप्फुसाचे अधिसूचित आजार आहेत. खाणीत काम करणाऱ्याच नव्हे, पूर्वी केलेल्या माणसातही असा आजार दिसला तर डॉक्टरने खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवायचे असते. ही तरतूद जुन्या खाण कायद्यात होती, नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. निदान झाले तर नुकसानभरपाईच्या दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे आणि उशीर झाला तर त्याचे सबळ कारण दाखवावे लागते. त्या दाव्यात जुन्या एक्स-रेशी तुलना लागते. नोकरीत असताना दर काही वर्षांनी होणाऱ्या नियतकालिक वैद्यकीय तपासणीचे (पीएमई) अहवाल, म्हणजे फॉर्म ओ, आणि छातीचे एक्स-रे कंपनीच्या दवाखान्यात असतात. माहितीच्या अधिकाराच्या त्याच अर्जात एक ओळ वाढवा: "माझ्या सर्व नियतकालिक वैद्यकीय तपासण्यांचे अहवाल आणि एक्स-रे यांच्या प्रती." अर्ज बाबांच्याच नावाने आणि त्यांच्याच सहीने करा. मुलाच्या नावाने केला तर ही वैयक्तिक माहिती आहे म्हणून नाकारतात आणि महिना वाया जातो.